अंगणातल्या दोन घटका



जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर रस्त्यावर वडीगोद्री नावाचे गाव आहे. गावाच्या दक्षिणेला शहागडपाशी गोदावरी वाहते. मुलूख सपाट, काळ्या मातीचा. डोंगर आड येत नाही, त्यामुळे रात्री आकाश पार जमिनीला टेकलेले दिसते. ह्या गावी माझे घर आहे. आजचे हे भाषण खरे म्हणजे त्या घराच्या अंगणातच सुरू झाले.

त्याचे असे झाले. जून महिन्याची सात-आठ तारीख होती. शेजारचा सातवीतला मुलगा रात्री वही घेऊन माझ्याकडे आला. आज मृग नक्षत्र लागते, तर ते आकाशात पाहून चित्र काढून आणा, असे त्याला शाळेत सांगितले होते. बिचारा नऊ वाजेपर्यंत गच्चीवर मान वर करून उभा होता. मला म्हणाला, "सर, आज मिरग निघाला ना? मग तो दिसत कसा नाही?"

त्याचे आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी तिथूनच उत्तर दिले, "अरे बाबा, मिरग दिसत नसतो. मिरग पडत असतो!"

आम्ही हसलो; पण मी विचारात पडलो. आजोबांनी साठ पेरण्या पाहिल्या आहेत. औंदा मिरगाचे वाहन बेडूक की कोल्हा, हे त्यांना पंचांग न उघडता ठाऊक असते. मुलाला सत्तावीस नक्षत्रांची नावे पाठ आहेत. पण मृग आकाशात कुठे असतो आणि कधी दिसतो, हे दोघांनाही सांगता येईना. एकाकडे शेत होते, दुसऱ्याकडे पुस्तक होते. आकाशाकडे मात्र कोणी पाहिले नव्हते. आणि हे त्या दोघांचेच आहे असे नाही. तुमच्या-माझ्या घरोघरी आज हीच स्थिती आहे.

आधी मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. मृग नक्षत्र लागले ह्याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात आला. आता कंदिलाच्या ज्योतीमागे धरलेली सुई डोळ्यांना दिसेल काय? तसेच हे. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र त्याच्याबरोबरच उगवते आणि त्याच्याबरोबरच मावळते. म्हणून मृगात मृग कधीच दिसत नाही. तो पाहायचा असेल तर सहा महिने थांबावे लागते. डिसेंबरात सूर्य समोरच्या बाजूला गेला, की संध्याकाळी मृग पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसतो. मी मुलाला म्हटले, "मार्गशीर्षात ये. त्या महिन्याचे नावच मृगावरून पडले आहे. तेव्हा दाखवतो." वही रिकामीच घेऊन तो परत गेला.

त्या रिकाम्या वहीने मला इतिहासाकडे वळवले. कारण ज्या गोदावरीच्या काठी आज मृग कोणाला दाखवता येत नाही, त्याच काठी एके काळी आकाश पाहणाऱ्यांची घराणीच्या घराणी नांदत होती.

थोडे मागून सुरुवात करू. भास्कराचार्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्यांचा जन्म इ.स. १११४ चा. 'सिद्धांतशिरोमणि' हा ग्रंथ त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये पुरा केला. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला आहे, असे ते सांगतात. पुढे यादवांच्या काळात त्यांचा नातू चांगदेव ह्याने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चाळीसगावजवळ पाटणे येथे मठ स्थापला. इ.स. १२०७ च्या सुमाराचा त्याचा शिलालेख तिथे आहे. आजोबांचे पुस्तक चालू राहावे म्हणून नातवाने शाळा काढली, आणि गावोगावच्या उत्पन्नातून तिला नेमणूक मिळाली. शिक्षक बंधुभगिनींनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात आकाश मोजण्याची अनेक यंत्रे वर्णिली आहेत. परंतु त्या सगळ्यांत त्यांनी श्रेष्ठ ठरवले ते 'धीयंत्र'. धी म्हणजे बुद्धी. हे यंत्र म्हणजे दुसरेतिसरे काही नसून हातातली एक साधी काठी! ज्याला बुद्धी आहे त्याने काठी डोळ्याशी धरावी आणि तिच्या टोकावरून नेम साधून उंची, अंतर, ताऱ्याचे स्थान मोजावे. राजाचा खजिना नको, तांब्या-पितळेची चक्रे नकोत. घरच्या अंगणात उभे राहून हे काम होते, असे आठ-नऊशे वर्षांपूर्वी एवढ्या मोठ्या गणितज्ञाने सांगून ठेवले आहे.

आता आपल्या काठाकडे येऊ. वडीगोद्रीहून नदीच्या खालच्या अंगाला गेले, की परभणी जिल्ह्यात पाथरी लागते. जुन्या ग्रंथांतले पार्थपूर ते हेच, असे अभ्यासक मानतात. तिथे ज्ञानराज नावाचे ज्योतिषी होऊन गेले. इ.स. १५०३ मध्ये त्यांनी 'सिद्धांतसुंदर' हा ग्रंथ लिहिला. त्यांचा मुलगा सूर्य ह्याने भास्कराचार्यांच्या लीलावतीवर टीका केली. ज्ञानराजांच्या ग्रंथात ग्रहगणित आहे, यंत्रांचे प्रकरण आहे. आणि गंमत म्हणजे सहा ऋतूंचे वर्णनही आहे. भास्कराचार्यांनीही तसेच केले होते. गणिताच्या पुस्तकात वसंत आणि वर्षा कशाला, असे आज आपल्याला वाटेल. पण त्या लोकांच्या मनात आकाश आणि ऋतू वेगळे नव्हतेच. वरचे तारे बदलले की खालचे रान बदलते, हे त्यांना घराच्या ओट्यावरून दिसत होते.

ह्याच सुमारास कोकणात, समुद्रकाठच्या नांदगावी, केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ होते. केशवांचा 'ग्रहकौतुक' हा ग्रंथ इ.स. १४९६ चा. केशवांची थोरवी अशी, की जुन्या सिद्धांतांनी येणारे ग्रह आणि डोळ्यांना दिसणारे ग्रह ह्यांत फरक पडतो, हे त्यांनी स्वतः पाहून लिहिले. पूर्वीच्या ऋषींनी सांगितले म्हणून ते खरेच, असे म्हणून ते गप्प बसले नाहीत. पुढच्या काळातल्या चांगल्या गणितींनीही ग्रहांच्या युती, त्यांचे उदय-अस्त हे आकाशात पाहून गणित सुधारत राहावे, अशा आशयाचे त्यांचे सांगणे आहे. आपलेही पुस्तक उद्या जुने होईल, तेव्हा ते सुधारा, असे पुढच्या पिढीला सांगणारा ग्रंथकार विरळाच.

मुलाने वडिलांचे म्हणणे ऐकले. गणेश दैवज्ञांनी इ.स. १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिले. लाघव म्हणजे हलकेपणा, सोपेपणा. ज्या-चापाचे किचकट गणित त्यांनी काढून टाकले. साध्या बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकारावर खेड्यातल्या जोशालाही ग्रह मांडता यावेत, अशी युक्ती केली. ग्रंथ महाराष्ट्रभर पसरला.

तो आपल्या काठी कसा आला, हेही पाहण्यासारखे आहे. गोदावरीच्या उत्तर तीरावर, पार्थपुराजवळ, गोलग्राम नावाचे गाव होते. तिथले दिवाकर हे गणेश दैवज्ञांचे शिष्य. कोकणच्या किनाऱ्यावरची विद्या अशी घाट चढून गोदाकाठी आली. ह्याच घराण्यातल्या मल्लारीने ग्रहलाघवातल्या रीतींची कारणे उलगडून दाखवली. विश्वनाथाने उदाहरणे सोडवून दाखवली, म्हणजे आजच्या भाषेत मार्गदर्शकच लिहिले. पुढे हे घराणे काशीला गेले. तिथे त्यांच्यातल्याच कमलाकराने इ.स. १६५८ मध्ये 'सिद्धांततत्त्वविवेक' हा मोठा ग्रंथ रचला. नदीकाठच्या एका खेड्यातून निघालेल्या विद्येने काशीपर्यंत मजल मारली, ह्याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. आणि आज त्याच काठावरच्या मुलाची वही रिकामी राहते, ह्याचे वाईटही वाटले पाहिजे.

मग मधल्या काळात झाले तरी काय? झाले ते असे. ग्रहलाघव इतके सोपे होते, की लोकांना आकाशाकडे पाहण्याची गरजच उरली नाही. गणित मांडले, ग्रह निघाला, पंचांगात लिहिला, संपले काम! गणेश दैवज्ञांनी पाहून लिहिले. त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळांनी न पाहता उतरवले. शंभर वर्षे गेली, दोनशे गेली, तीनशे गेली. कोणतेही घड्याळ वर्षानुवर्षे न लावता ठेवले तर मागेपुढे होणारच. पंचांगातला ग्रह एकीकडे आणि आकाशातला दुसरीकडे, असा प्रकार होऊ लागला. ज्यांनी युती पाहून ग्रंथ सुधारा म्हटले, त्यांच्याच मुलाचा ग्रंथ न सुधारता साडेतीनशे वर्षे चालला. दोष ग्रंथाचा नव्हे, न पाहणाऱ्यांचा.

एकोणिसाव्या शतकात ही झोप मोडली. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी १८६० मध्ये नव्या वेधांवर आधारलेली 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत दिली. त्यांच्या पद्धतीचे पंचांग लवकरच निघू लागले. त्यावरून वाद माजले. जुने पंचांग धरावे की नवे, सण कोणत्या दिवशी करावा, ह्यावर घरोघर भांडणे झाली. लोकमान्य टिळकांसारख्यांनी त्यासाठी परिषदा भरवल्या.

पण मला आज ज्यांची आठवण विशेष करून द्यायची आहे, ते एक शाळामास्तर होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे त्यांचे नाव. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूड गावी १८५३ साली जन्म. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. शाळेत आणि पुढे धुळे व पुणे येथील ट्रेनिंग स्कूल-कॉलेजात शिकवीत त्यांनी आयुष्य काढले. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' प्रसिद्ध झाला. मघाशी सांगितलेली ज्ञानराज, केशव, गणेश, दिवाकर ही माणसे आज आपल्याला व्यवस्थित ठाऊक आहेत, त्याचे फार मोठे श्रेय ह्या पुस्तकाला आहे. दीक्षित १८९८ मध्ये वारले, तेव्हा त्यांना पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. जवळजवळ त्याच वयात मी हे बोलत आहे. ज्यांना एम.ए. होण्याची संधीही मिळाली नाही, त्यांनी एवढे काम करून ठेवले, हे मनात आले की मान आपोआप खाली जाते.

ह्याच दीक्षितांनी १८९२ मध्ये सामान्य माणसासाठी 'ज्योतिर्विलास' नावाचे पुस्तक लिहिले. त्याचे दुसरे नाव मोठे गोड आहे: 'रात्रीची दोन घटका मौज'. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. दोन घटका म्हणजे पाऊण तासाला थोडे वर. रात्री जेवण झाल्यावर अंगणात येऊन तेवढा वेळ वर पाहावे, इतकीच त्यांची अपेक्षा. दुर्बीण नको, वेधशाळा नको.

वेधशाळेचे काम वेगळे आणि ते मोठेच. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या हैदराबादेत नवाब जफर जंग ह्यांनी १९०१ मध्ये निजामिया वेधशाळा उभारली. १९०८ मध्ये ती सरकारने घेतली. पॅरिसहून आखलेल्या जागतिक तारासूचीच्या कामात तिने भाग घेतला आणि लाखो ताऱ्यांची स्थाने छायाचित्रांवरून मोजली. परंतु हैदराबादेत लाखो तारे मोजले गेले, म्हणून वडीगोद्रीच्या अंगणातल्या माणसाला एकही तारा ओळखू येऊ लागला नाही. तो त्याचा त्यानेच पाहावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे सगळे ठीक. पण तारा ओळखला काय आणि न ओळखला काय, आमचे काय अडले?" प्रश्न रास्त आहे. दोन ठिकाणी अडते, ते सांगतो.

पहिले शेतात. मृगाचा आणि पावसाचा संबंध कायमचा आहे, अशी आपली समजूत. वास्तविक पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे अगदी सावकाश डोलतो. त्यामुळे सूर्याचा मृगातला प्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे ७१-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. दिवस एकच, पण साठत जातो. पाथरीचे ज्ञानराज ग्रंथ लिहीत होते, तेव्हा ऋतुमानाने मृग आजच्यापेक्षा सुमारे आठवडाभर आधी लागत होता. भास्कराचार्यांच्या वेळी सुमारे बारा दिवस आधी. आणखी दोन हजार वर्षांनी तो जुलैत जाईल. पाऊस मात्र समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर येतो. त्याला नक्षत्राचे नाव ठाऊक नाही. तेव्हा मिरग निघाला एवढ्यावर कोरड्यात कपाशी किंवा सोयाबीन टोचू नये. ओल किती खोल गेली ते मातीत हात घालून पाहावे, हवामान खात्याचा अंदाज ऐकावा. म्हातारी माणसे वाहन विचारतात तसे खुशाल विचारावे; पण बियाणे ओलीवरच पेरावे.

सरकारने १९५२ साली मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली, ती ह्याच घोटाळ्यासाठी. तिच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. ती ऋतूंना धरून चालते. रेडिओवर तुम्ही 'भारतीय सौर' म्हणून जी तारीख ऐकता, ती हीच.

दुसरे अडते ते भीतीत. १९६२ सालच्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली होती. आमच्या वडीलधाऱ्यांकडून तिच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. मकर राशीत आठ ग्रह जमणार, प्रलय होणार, अशी हूल उठली. देशभर यज्ञ झाले. आता ते आठ ग्रह कोणते? सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे सात. आणि आठवा केतू, जो मुळात पिंडच नव्हे, गणितातला एक बिंदू आहे. हे सगळे सूर्याच्या आसपास होते, म्हणजे रात्रीच्या आकाशात पाहायला त्यांतले जवळजवळ काहीच नव्हते. जे डोळ्यांना दिसतही नव्हते, त्याला लोक भ्याले. ३ ते ५ फेब्रुवारी हे दिवस आले, तसेच गेले.

हे जुने झाले म्हणून हसू नका. २००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ आला होता. तेव्हापासून 'ह्या महिन्यात मंगळ चंद्राएवढा मोठा दिसणार' अशी बातमी दर थोड्या वर्षांनी फिरते. आता ती मोबाइलवरून येते आणि शिकलेली माणसेही ती पुढे ढकलतात. मंगळ चंद्राएवढा साध्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. ज्याने एकदा अंगणात उभे राहून मंगळाचा तो तांबूस ठिपका पाहिला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही.

ह्याच्या उलट एक अनुभव सांगतो. २०२० च्या डिसेंबरात गुरू आणि शनी ह्यांची युती झाली. साथीमुळे त्या वर्षी आम्ही पुष्कळसे घरीच होतो. सूर्य मावळला की नैर्ऋत्येला दोन ग्रह दिसत. गल्लीतली पाच-सहा मुले गच्चीवर जमायची. पहिल्या दिवशी दोन ग्रहांमध्ये दोन बोटे मावली. मग एक बोट. मग तेही मावेना. २१ डिसेंबरला ते इतके जवळ आले, की लांबून एकच तारा वाटावा. पुन्हा दोन-चार दिवसांनी ते वेगळे झाले. अशी युती साधारण वीस वर्षांनी येते. पंचांगात दिलेला दिवस बरोबर आहे की नाही, हे त्या मुलांनी आपल्या बोटांनी पडताळून पाहिले. केशव दैवज्ञांनी सांगितले होते ते हेच. पाचशे वर्षांनी ते आमच्या गच्चीवर घडले.

आता पाहायचे काय आणि कधी, ते थोडक्यात सांगतो. शिक्षकांनी हवे तर टिपून घ्यावे.

आधी ध्रुव शोधा. हात पुढे ताठ धरून मूठ वळली, तर एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. आपल्या भागात उत्तरेच्या क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या, की तिथेच ध्रुवतारा. वडीगोद्रीचा अक्षांश साडेएकोणीसच्या आसपास आहे आणि ध्रुवाची उंचीही तेवढीच. भूगोलाच्या पुस्तकातला अक्षांश मुलाने असा आपल्या मुठीने मोजला, की तो जन्मात विसरत नाही.

दसरा-दिवाळीनंतर आकाश धुतल्यासारखे होते. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्राच्या आसपास ताऱ्यांचा एक लहानसा पुंजका शोधा. त्या कृत्तिका, म्हणून महिना कार्तिक. पुढे पौषात पौर्णिमेचा चंद्र पुष्याजवळ, माघात मघेजवळ, चैत्रात चित्रेजवळ येतो. एखाद्या घराचे अंतर पडते. पण वर्षभर पौर्णिमा पाहिल्या, की मराठी महिन्यांची नावे पाठ करावी लागत नाहीत.

डिसेंबरात १३ आणि १४ तारखेच्या रात्री, दहानंतर, पुनर्वसूच्या बाजूकडून उल्का पडताना दिसतात. चंद्र नसेल आणि रान अंधारे असेल, तर तासाला पन्नासाच्या वरही मोजता येतात. हरभऱ्याच्या राखणीला किंवा गव्हाला रात्रपाळीचे पाणी द्यायला जाणाऱ्यांना ही मौज फुकटची आहे. ह्या उल्का ज्याच्या धुळीतून येतात, तो फेथॉन नावाचा लघुग्रह १९८३ साली सापडला. ऑगस्टच्या १२-१३ तारखेलाही उल्का पडतात. पण आपल्याकडे त्या बहुधा ढगांआडच राहतात.

महाशिवरात्रीच्या सुमारास, रात्र पडल्यावर, दक्षिणेला पाहा. क्षितिजावर दीड-दोन मुठी उंच एक ठळक तारा लुकलुकतो. तो अगस्ती. व्याधाच्या खालोखाल आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा हाच. इंग्लंडातल्या माणसाला तो घरून कधीच दिसत नाही. आपल्याला शेताच्या बांधावरून दिसतो. पावसाळा सरता सरता तो पहाटे दक्षिणेकडे पुन्हा दिसू लागतो. तेव्हा नद्यांचे गढूळ पाणी निवळते, अशी जुनी समजूत आहे.

उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून निजलात, तर उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली, की आधी तांबूस स्वाती आणि पुढे पांढरी चित्रा. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला, अगदी जमिनीलगत, चार ताऱ्यांचा त्रिशंकू दिसतो. त्याला सपाट क्षितिज लागते, आणि ते आपल्या गोदाकाठाला देवाने भरपूर दिले आहे.

ग्रहणाचेही एक सांगून ठेवतो. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आपल्याकडून दिसेल. रात्री सव्वादहा-साडेदहाच्या सुमारास ते ऐन मध्यावर असेल. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहायला काहीच धोका नाही. सूर्यग्रहण मात्र तसे कधीही पाहू नये.

एक अडचण खरी आहे. रस्ता मोठा झाला, ढाबे झाले, पेट्रोलपंप झाले. गावात दिवे आले, ते चांगलेच झाले; अंधारात साप-विंचवाची भीती असणाऱ्यालाच दिव्याची किंमत कळते. पण दिव्याचे तोंड खाली असावे. जमिनीवर पडायचा उजेड आकाशात सांडला, तर पैसाही वाया जातो आणि तारेही जातात. आणि रात्री लाइन गेली, तर नुसते चरफडत बसू नका. दोन घटका बाहेर या.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्गासाठी एक वही घाला. आठवड्यातून एका मुलाने एक ओळ लिहावी: तारीख, वेळ, चंद्र कोणत्या ताऱ्याजवळ होता, कोणता ग्रह कुठे दिसला. जे दिसले तेच लिहावे. ढग असतील तर 'ढग' असे लिहावे. पुस्तकाशी जमले नाही, तर खोडू नये. बारा महिन्यांनी ती वही वाचा. पाटण्याच्या मठाला राजाची नेमणूक लागली होती. ह्या वहीला एक पेन्सिल पुरेल.

तो मुलगा पुढे मार्गशीर्षात खरेच आला. थंडी चांगली पडली होती. जेवणे झाली होती. आम्ही अंगणातला दिवा घालवला. पूर्वेला चार ताऱ्यांची चौकट आणि तिच्या मध्ये एका ओळीत तीन तारे. मी काही बोलण्याआधीच त्याने बोट दाखवले. आजोबाही घोंगडी पांघरून बाहेर आले. त्यांनी त्या तीन ताऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "हे तर तिकांडं. लहानपणी राखणीला असताना हे डोक्यावर आलं, की निम्मी रात झाली म्हणायचो आम्ही. हाच मिरग व्हय?"

म्हणजे आजोबांनी मृग पाहिलेला होता. त्याचे नाव तेवढे त्यांना कोणी सांगितले नव्हते. नातवाला नाव ठाऊक होते, तारे ठाऊक नव्हते. त्या रात्री दोघांनी मिळून वहीत चित्र काढले. आजोबांनी तारे सांगितले आणि नातवाने नावे लिहिली.